दाविदमामांचा येशू पाणी पितो

तिकीट काढून सिनेमाच्या तंबूत जायचं आणि पडद्याकडे पाठ करून बसायचं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी दाविदमामा.

जत्रेच्या दिवसांत भोरला तंबूचा सिनेमा यायचा. मध्ये दोरी बांधलेली, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, आणि पार पुढे, पडद्याला जवळजवळ टेकून, आमच्याकडे तोंड करून मांडी घातलेले मामा. नायिका रडायला लागली की आम्ही तिच्याकडे बघून रडायचो, आणि मामा आमच्याकडे बघून मान डोलवायचे. एकदा एका पैलवानाला वाटलं, हा म्हातारा बायकांकडे बघतोय. त्याने मामांना मानगुटीला धरून उठवलं.

"कुठं बघतोस रं?"

"पब्लिककडं," मामा शांतपणे म्हणाले. "पडद्यावरचं त्यांनी करून ठेवलंय, ते काय पळून जात न्हाई. पब्लिक कुठं हसतं, कुठं बिडी पेटवतं, कुठं लघवीला उठतं, ते शिकाया आलोय म्या."

पैलवानाला एवढ्या खोल अभ्यासाची सवय नव्हती. त्याने मामांना उचलून तंबूच्या बाहेर नेऊन ठेवलं.

मामा मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते. खाकी अर्धी चड्डी, पांढरा शर्ट आणि अंगाला कायम आयोडीनचा वास. लग्न केलं नव्हतं. आमच्या आणि त्यांच्या खोलीमध्ये एकच भिंत. आम्ही बौद्ध. दीक्षा घेऊन तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली असतील. मामा लहानपणापासून ख्रिस्ती. धर्मावरून आमचं कधी वाजलं नाही. मामा म्हणायचे, "मालन, तुमचा बुद्ध गप बसतो ते लई ब्येस. आमच्यात देवापास्नं पाळकापत्तुर सगळेच बोलत्यात."

त्यांचं एक पालुपद होतं: "पब्लिक बसलं पाहिजे." दवाखान्यात जखम धुताना ते पेशंटला शास्त्रातल्या गोष्टी सांगायचे आणि नेमक्या ठिकाणी पट्टीची गाठ मारायचे. दानिएलाला सिंहाच्या गुहेत टाकलं, की संपलं ड्रेसिंग. बाकीचं उद्या. डॉक्टर बिचारे चक्रावून जायचे, की माणसाचं गळू बरं होऊन आठवडा झाला तरी तो रोज पट्टी बांधायला का येतो. तो दानिएलाच्या काळजीने यायचा.

आता त्या सिनेमाचं सांगते.

दर नाताळला पुण्याहून मिशनची एक जीप यायची आणि गावोगाव धर्माचा सिनेमा दाखवायची. सिनेमा विलायतेतला. रंगीत होता, खोटं कशाला बोलू. पण त्यातला येशू म्हणजे निळ्या डोळ्यांचा, भुऱ्या केसांचा, अगदी कलेक्टर साहेबाचा धाकटा भाऊ. त्याला मराठी आवाज मागाहून चिकटवलेला. आधी ओठ हलायचे, मग जरा वेळाने कुठून तरी आवाज यायचा, "हे बंधूंनो, मी तुम्हांस खचित खचित सांगतो." आवाज असा, की वाटावं पोस्टमास्तर तार वाचून दाखवतोय.

किकवीच्या खेळाला मी स्वतः होते. शेजारच्या आजीने मला विचारलं, "ह्यो साहेब कुठल्या खात्याचा गं?"

मी म्हटलं, "देव हाय त्यो."

"मग एवढ्या लांबनं का बोलतो?"

तासाभरात पब्लिक उठलं. उरली ती घोंगडीत झोपलेली पोरं आणि एक कुत्रं. जीपवाल्यांनी पुण्याला कळवलं, की प्रतिसाद उत्तम आहे. मला वाटतं, त्यांनी कुत्रंही मोजण्यात धरलं असावं.

त्या दिवसापासून मामांच्या डोक्याने घेतलं, की आपण आपला सिनेमा काढायचा. तेवढ्यात दवाखान्यातली मडमबाई कायमची मायदेशी निघाली. जाताना तिने मामांना आपला चावीचा कॅमेरा दिला आणि कोऱ्या रिळांचा एक खोका दिला. कॅमेरा घड्याळासारखा. चावी द्यायची, तो कुरकुर करत चालायचा, आणि चावी उतरली की थांबायचा. आवाज वगैरे त्यात येत नव्हता. पण मडमबाईची भेट म्हटली तरी कॅमेरा कागदोपत्री मिशनचा होता. पुण्याच्या कमिटीने मामांना सांगितलं, काढा सिनेमा. पसंत पडला तर जीप आणि पडद्याची मशीन तुमच्या ताब्यात देऊ, गावोगाव फिरा. नापसंत झाला तर कॅमेरासुद्धा जमा करायचा.

मामांना दुसरं काही नकोच होतं. पानशेत फुटल्याला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट.

पहिला प्रश्न, येशू कोण. भोरच्या ख्रिस्ती मंडळींतले सगळे गोलमटोल. उपाशी चाळीस दिवस रानात राहिला असं सांगितलं असतं तर पब्लिकने टर उडवली असती. मामांनी पासलीचे शंकरराव गाठले. शंकरराव गावच्या जत्रेच्या नाटकात राजा व्हायचे. उंच, नाकेला गडी, मानेपर्यंत केस, आणि भाताची खाचरं सोडली तर राजाचाच तोरा. चांगल्या मराठा घरचे. त्यांनी एकच विचारलं, "पार्ट मोठा हाय का?"

"शेवटापत्तुर हाय," मामा म्हणाले. "मेल्यावर बी हाय."

शंकरराव तयार झाले. फक्त मनगटावरचं घड्याळ काढायला नाही म्हणाले. ते लग्नात सासऱ्याने घातलेलं. मग मामांच्या सिनेमात येशू आंधळ्याच्या डोळ्यांवरून हात फिरवतो तेव्हा घड्याळ असं चमकतं, की बघणाऱ्याला वाटावं आंधळा वेळ बघण्यासाठीच डोळे उघडतोय. मी तसं बोलले, तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. येळंवर येणारा देव हाय."

शिष्य म्हणून वरच्या वाड्यांतले धनगर आणले. घोंगडी आणि काठी त्यांची त्यांच्याकडे होतीच. बारा शिष्य हवेत, पण ज्याची मेंढरं ज्या दिवशी जवळ असतील तो त्या दिवशी शिष्य. एका प्रसंगात नऊ आहेत, पुढच्यात चौदा, आणि थोरला शिष्य पेत्र, त्याच्या तोंडात बिडी आहे. डोंगरावरचं प्रवचन नसरापूरच्या बाजारात उरकलं. तिथं गर्दी आयती मिळाली. येशू टोपल्यावर उभा राहून दोन्ही हात पसरतोय आणि समोरची बाई त्याच्याकडे पाठ करून कांद्याचा भाव पाडतेय. मामा म्हणाले, "तवा बी असंच झालं आसंल."

पाण्यावरून चालण्याचा चमत्कार भाटघरच्या धरणात केला. पाण्याखाली फळ्या मांडल्या होत्या. शंकरराव दोन पावलं देवासारखे चालले आणि तिसऱ्याला आत गेले. शास्त्रात पेत्र बुडतो आणि येशू त्याला वर काढतो. मामांच्या सिनेमात येशू बुडतो आणि पेत्र बिडी सांभाळत त्याला ओढतो. आम्ही सगळे म्हणालो, मामा, हे पुन्हा घ्या. मामा म्हणाले, "रीळ गेलं ते गेलं. पब्लिकला आवडंल." आणि खरंच, सबंध सिनेमात सगळ्यात जास्त शिट्ट्या तिथेच पडल्या.

म्हणजे बघा, चूक दुरुस्त करणं हा प्रकार मामांच्या ठायी नव्हता. मागून एस्टी गेली तर जाऊ दे. विजेचा खांब दिसला तर दिसू दे. असा हा माणूस. आणि तरी एका प्रसंगासाठी त्यांनी आमचा सगळ्यांचा जीव काढला. त्या प्रसंगात मी होते.

प्रसंग असा. येशू दुपारचा थकून एका विहिरीवर बसतो. तिथं शोमरोनी जातीची बाई पाणी भरायला येते. येशूची जातवाली माणसं तिच्या जातीच्या हातचं काही घेत नसतात. आणि येशू तिला म्हणतो, मला पाणी प्यायला दे. पुढे बोलणं निघतं तेव्हा कळतं, की बाईला पाच नवरे होऊन गेलेत. या पाच नवऱ्यांमुळे भोरातली एकही ख्रिस्ती बाई पार्ट करायला पुढे येईना. पाळकीणबाईंनी तर दारच लावून घेतलं.

मामा आमच्याकडे आले. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तांदूळ निवडत होत्या. मामांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

आत्याबाई म्हणाल्या, "पाच? एकाचं धुणं धुताना हिची कंबर ऱ्हात न्हाई."

"आत्याबाई, पाच हायेत, पण एक बी पडद्यावर येणार न्हाई."

"मग ठीक हाय. घरातल्यागतच झालं."

आमचे हे तिथंच बसले होते. एस्टीवर कंडक्टर होते, आठवड्यातले चार दिवस बाहेरच असायचे, बोलणार काय.

शूटिंगला मामांनी विहीर निवडली ती पासलीच्या गावाबाहेरची, आमच्या लोकांच्या वाड्याची. गावची विहीर वेगळी, आमची वेगळी. शंकरराव आले, बघितलं, आणि पडक्या भिंतीपाशीच थांबले.

"मामा, वढ्याकाठी एक चांगली विहीर हाय. झाड बी हाय सावलीला."

"हीच पाहिजे," मामा म्हणाले. "हिचा काठ दिसाया चांगला हाय."

काठ कसला, चार दगड निखळलेले होते. पण शंकरराव आले. मी घागर भरली. शंकररावांनी ओंजळ धरली. मी ओतलं. त्यांनी मान खाली घातली आणि पाणी कोपरावरून सगळं खाली जाऊ दिलं. ओठ असे लांब धरले होते, की ओंजळ म्हणजे इस्तवच.

कॅमेरा थांबला. "घोट दिसत न्हाई," मामा म्हणाले. "गळा हलला पाहिजे."

पुन्हा चावी. पुन्हा घागर. पुन्हा पाणी मातीत. "गळा हलत न्हाई, शंकरराव."

"अवो मामा, ॲक्टिंग हाय ना? नाटकात आमी रिकाम्या पेल्यातनं दारू पितो. लोक टाळ्या देत्यात."

"नाटकात पब्लिक लांब बसतं. हितं गळा पडद्यावर घोंगडीएवढा दिसतो. पब्लिकला कळतं."

वाड्यातली माणसं भोवती जमली होती. म्हाताऱ्या बायका पदराची सावली करून उभ्या. सगळ्यांना ठाऊक होतं, की गोष्ट गळ्याची नाही. शंकररावांनाही ठाऊक होतं. ते वाईट माणूस नव्हते हो. घाबरलेले होते. प्यायले आणि घरी कळलं तर काय, एवढंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि मामा, ज्यांनी येशूला धरणात बुडालेला तसाच ठेवला, ते त्या गळ्यासाठी रिळावर रीळ घालवत होते. खोक्यातलं शेवटचं रीळ कॅमेऱ्यात चढलं.

चैत्राचं ऊन. माझ्या हातात भरलेली घागर, कितीदा भरली आणि कितीदा मातीत ओतली. मला शोमरोनी बाई आठवेना, येशू आठवेना. मी म्हटलं, "अवं पाव्हणं, पाणी तुमीच मागितलं. आता प्या, न्हाईतर मला घागर खाली ठिवू द्या. घरी सैपाक पडलाय माझा."

म्हाताऱ्या बायका फिस्सकन हसल्या. शंकररावही हसले. आणि हसता हसता त्यांनी ओंजळ तोंडाला लावली.

पहिला घोट भीत भीत घेतला. मग सकाळपासूनची तहान असेल, का सुटका झाल्यासारखं वाटलं असेल, कोण जाणे, पण ते प्यायला लागले ते थांबेनातच. मी ओततेय, ते पितायत. गळा असा हलत होता, की दहा गावांतून दिसावा. कॅमेऱ्याची अख्खी चावी त्यात उतरली. कुरकुर थांबली. तरी मामा डोळा लावून तसेच वाकलेले. मी म्हटलं, "मामा, मशीन बंद पडलं." त्यांनी मान वर केली नाही. खिशातून कापसाचा बोळा काढला, आधी कॅमेऱ्याची काच पुसली, मग स्वतःचा चष्मा.

रिळं मुंबईला धुवून आली. मामांनी कात्रीने आणि चिकटपट्टीने, जखमेला टाके घालावेत तशी जोडली. कमिटीने एका खेळापुरती जीप आणि मशीन दिली. पब्लिक बसतं का, ते ड्रायव्हरने पुण्याला येऊन सांगायचं होतं.

खेळ पासलीतच लावला. शाळेच्या भिंतीवर धोतर ताणलं. दिवेलागण झाली तशी सगळी पासली आली, वरच्या वाड्यांतले धनगर आले. आमची माणसं नेहमीसारखी एका अंगाला बसली. मामा भोंग्यावर बोलायला उभे राहिले. सिनेमा मुका, म्हणून सगळ्यांचे आवाज मामांचेच. येशू मामा, सैतान मामा, मरिया मामा.

काय सांगू तुम्हाला, पब्लिक हललं नाही. सिनेमा चांगला होता असं मी म्हणणार नाही. तो वाईट होता. पण आपला मेंढा भिंतीवर दिसला तर कोण उठून जातो? "ती बघ धोंड्याची मेंढी." "आरं पेत्रा, बिडी टाक की." येशू बुडाला तेव्हा तर लोकांनी तो तुकडा पुन्हा दाखवायला लावला. विलायतेतल्या येशूला एवढं प्रेम कधी मिळालं नव्हतं.

मग विहीर आली. मी आले. मामा माझ्या आवाजात दोन वाक्यं बोलले आणि येशूच्या आवाजात म्हणाले, "बाई, मला पाणी दे." आणि भोंगा बंद करून ठेवला.

भिंतीवर शंकरराव पाणी पीत होते. गळा खरोखर घोंगडीएवढा. पुढून कुणीतरी हळूच म्हणालं, "आरं, शंकऱ्या खरंच पितुया."

मशीनची घरघर तेवढी चालू होती. कुणी बिडी पेटवली नाही. आमच्या अंगाची एक म्हातारी, तिला अर्धं दिसायचं नाही, ती भिंतीला म्हणाली, "पी बाबा. सावकाश पी."

खेळ संपल्यावर शंकररावांना त्यांच्या चुलत्यांनी बाजूला घेतलं. भोवती भावकी. शंकरराव म्हणाले, "ॲक्टिंग हाय ती, तात्या. पाणी कुठलं पितोय म्या. नट हाय का न्हाई?" तात्यांनी मामांकडे बघितलं. मामांनी पुन्हा भोंगा उचलला आणि सगळ्या गावाला ऐकवलं, "मंडळी, कॅमेऱ्याची करामत हाय. गळा तेवढा हलतो, पाणी जात न्हाई."

गावाने मान डोलवली. गावाला तेच ऐकायचं होतं. शंकरराव किती मोठे नट आहेत ते मला तेव्हा समजलं. न पिता प्यायल्याचं नाटक कुणीही करतं. प्यायलेलं पाणी न प्यायल्याचं करून दाखवणं सोपं नाही.

मला मात्र राग आला. परतताना जीपमध्ये मी मामांना म्हटलं, "माझे हात अजून दुखत्यात, आणि तुमी करामत म्हणता?"

मामा म्हणाले, "त्याला त्या गावात नांदायचंय, मालन. पडद्यावर पिलाय त्यो. ते आता कुनाला पुसता येत न्हाई."

ते पुसायला पुण्याची कमिटी बसली होती.

मामांनी मलाही पुण्याला नेलं, कलाकार म्हणून. मिशनच्या हॉलमध्ये दुपारी पडदे ओढून सिनेमा लावला. समोर पाच-सहा कोटवाले आणि एक बाई, इंग्रजीत उसासे टाकणारी. ड्रायव्हरने आधीच सांगितलं होतं, की पब्लिक शेवटपर्यंत बसलं, इतकं कधी बसलं नव्हतं. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "तो मुद्दा नाही. दर्जा हा मुद्दा आहे." सहा वर्षं रिकाम्या मैदानात दर्जा दाखवणाऱ्यांना हे बोलायचा पुरेपूर हक्क होता.

दिवे लागल्यावर त्यांनी चुका काढल्या. घड्याळ. मामा म्हणाले, "कापतो." एस्टी. "कापतो." पेत्राची बिडी. "कापतो, साहेब." धरणात बुडणं. मामा म्हणाले, "कापतो." सगळ्या पासलीने डोक्यावर घेतलेलं ते बुडणं मामा एका शब्दात द्यायला निघाले होते.

मग अध्यक्ष म्हणाले, "आणि ते पाणी पिणं. किती वेळ चाललंय ते? म्हैस आहे का? शिवाय गावांत त्यावरून तेढ वाढेल. आणि मुख्य म्हणजे, दाविद, शास्त्रात प्रभूने पाणी मागितलं असं आहे. तो प्यायला असं कुठेही लिहिलेलं नाही."

त्यांनी पुस्तक उघडून पुढे सरकवलं. मामांनी पुस्तकाकडे बघितलंही नाही.

"न्हाई लिवलेलं," मामा म्हणाले. "ठावं हाय मला. लहानपणापास्नं शोधतोय."

"मग कापा ते."

"साहेब, घड्याळ कापा, एस्टी कापा, धरण कापा. पाहिजे तर सगळा सिनेमा कापा आणि तेवढंच ठेवा. घोट ऱ्हाऊ द्या."

"तेवढं कापलंत, की जीप उद्या भोरला येते," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेही खरं सांगायला हवं. त्यांना खरंच वाटत होतं, की ते सोपं काहीतरी मागतायत. "नाहीतर कॅमेरा इथंच जमा करून जा."

मामांनी खांद्यावरची कॅमेऱ्याची पेटी काढली, पट्टा गुंडाळला, टेबलावर ठेवली. चावी वेगळी खिशात होती, तीही आठवणीने काढून दिली. उसासेवाल्या बाई म्हणाल्या, फिल्मचं काय. अध्यक्ष म्हणाले, ती तुमची तुम्ही न्या, आमच्या काही कामाची नाही. दर्जेदार माणसं नको असलेली वस्तू मोठ्या मनाने देतात.

अशा रीतीने मामांकडे सिनेमा उरला आणि तो दाखवायला काहीच उरलं नाही. रिळाचा डबा त्यांनी कॉटखाली सारला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुणाची तरी पट्टी बांधत दानिएलाला परत गुहेत टाकलं. कुरकुर केली नाही. मीच करत होते. पंधरा दिवस मी कमिटीच्या नावाने भांडी आपटली.

एका दुपारी मामा आमच्या ओट्यावर येऊन टेकले. मी शेंगा सोलत होते. मी विचारलंच, "मामा, तुमी सगळ्या जन्माचा हट्ट एका गळ्यावर का घातला? जीप मिळाली असती. गावोगाव फिरला असता. पब्लिक बसलं असतं."

ते दोन शेंगा उचलून सोलायला लागले.

"आई माझी बाजारच्या रस्त्याला ऱ्हायची," ते म्हणाले. "म्या मिशनच्या बोर्डिंगला आलो, ती आपल्या वाड्यातच ऱ्हायली. दाराम्होरनं नसरापूरला जाणारी सगळी माणसं जायची, उन्हातान्हाची. आई रोज सकाळी दारात पाण्याची घागर भरून ठिवायची. वर तांब्या, राखेनं घासून असा लख्ख. रस्त्यातलं कुनी तरी मागंल म्हणून."

"मग?"

"मग काय. सांजच्याला ओतून द्यायची. सकाळी पुन्ना घासायची. मला सुट्टीत वाटायचं, आईला खूळ लागलंय. मरस्तवर घासला तिनं तांब्या. पाणी प्याया एक माणूस थांबला न्हाई, मालन."

मी शेंगा सोलत राहिले. वाड्यातल्या बाईला त्यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

"पब्लिक, पब्लिक म्हणत आलो म्या," मामा म्हणाले. "त्यो घोट पब्लिकसाठी न्हवता. आईसाठी व्हता."

मला त्यांच्याकडे बघवेना. मग आपलं काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुमच्या आईला दाखवला असता सिनेमा तर खूश झाली असती."

मामांनी विचार केला. अगदी नीट, कमिटीसमोरही केला नव्हता इतका.

"न्हाई," ते म्हणाले. "बघितला असता, डोळं पुसलं असतं, आणि मग म्हणाली असती, दाविद, येवढ्या लांबनं पाव्हणा आला तुझा, आणि नुस्तं पाणी दिलंत व्हय रं त्याला? गुळाचा खडा कुठं हाय?"

हातातली शेंग त्यांनी फोडली, दाणे माझ्या सुपात टाकले.

"तेवढी एक चूक ऱ्हायली बघ सिनेमात."